दोनशे नव्व्याण्णव बदकं आणि मी

मी बदक बोलतोय. चिखलात चोच घालणारं खरं बदक नव्हे. प्लॅस्टिकचं, मुठीएवढं, पिवळं, पोटावर काळ्या रंगात एकशे सतरा असा आकडा लिहिलेलं. माझ्याकडून एक गुन्हा झाला आहे. हात ना पाय, हा गुन्हा करणार कसा, असं तुम्ही म्हणाल. मीही बरेच दिवस स्वतःची अशीच समजूत घालत होतो. आता ती पटत नाही, म्हणून बोलायला बसलोय.

जन्म माझा कारखान्यातला. तिथे एक यंत्र आम्हाला फुगवतं, दुसरं चोच रंगवतं आणि तिसरं डोळे उमटवतं. माझ्या वेळी तिसऱ्याला डुलकी लागली असावी. उजवा डोळा आला, डावा आलाच नाही. तपासणाऱ्या बाईंचं लक्ष घड्याळाकडे होतं, कारण जेवणाची सुट्टी व्हायची होती. मी तसाच काणा तीनशेच्या खोक्यात जाऊन बसलो.

आम्हाला विकत घेतलं एका सेवा मंडळाने. ही मंडळी वर्षभर बैठका घेतात आणि उन्हाळ्यात एक दिवस राबतात, असं त्यांच्याच बायका म्हणतात. पण तो एक दिवस मात्र खरा राबण्याचा. नदीकाठी तंबू लागतात, कुणी घरचे केक विकतं, कुणी जुनी पुस्तकं, कुणी लिंबाचं सरबत. आणि दुपारी बदकांची शर्यत. लोक पैसे भरून एकेक आकडा घेतात. आम्हा तीनशे जणांना पुलावरून नदीत ओततात. खालच्या वळणावर जाळं लावलेलं असतं, तिथे जो पहिला पोचेल त्याच्या मालकाला सायकल. या सगळ्यातून जे जमतं त्यावर मंडळाची एक गाडी वर्षभर चालते. किडनीच्या पेशंटना आठवड्यातून दोनदा मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि घरी आणून सोडायचं, हे तिचं काम.

खोकं उघडलं तेव्हा सेक्रेटरींनी मला उचलून पाहिलं. "हे काणं निघालं. टाकून द्या."

पोटावर आकडे घालायला बसलेले पेंटर म्हणाले, "एक आहे की. दुसरा मी देतो."

हे पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मला खिशात घालून ते घरी घेऊन गेले. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बायकोने दिवा जवळ धरला आणि अगदी बारीक ब्रशने त्यांनी मला डावा डोळा दिला. तो जरा मोठाच झाला. त्यामुळे मी कायम दचकल्यासारखा दिसतो.

"हा बघ, थेट तुझ्या भावासारखा," पेंटर म्हणाले.

"माझा भाऊ निदान सरळ पोहतो तरी," बायको म्हणाली.

ती कपडे शिवायची. गल्लीत तिला सगळे शिवणताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. दर वर्षी एकशे सतरा हा आकडा ताईच घ्यायच्या. मी कधी जिंकलो नाही. एकदा त्रेचाळिसावा आलो, तीच माझी मोठी कामगिरी. "आपला गडी घाईचा नाही," पेंटर म्हणायचे. दर उन्हाळ्यात शर्यतीआधी ते मला दोन दिवस घरी आणत आणि माझा आकडा, माझा डोळा नव्याने गिरवत. बाकीच्या दोनशे नव्व्याण्णवांचे असले लाड नव्हते. त्यांचे आकडे पाण्याने आणि साबणाने पुसट होत गेले. मग वर्षाचे उरलेले साडेअकरा महिने आम्ही सगळे पोत्यात, मंडळाच्या गोदामात, एकमेकांच्या चोची खात. तिथे मला त्या टेबलाची फार आठवण यायची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं याच आठवणीमुळे झालं.

एका थंडीत पेंटर गेले. चार दिवसांचा ताप आला आणि माणूस राहिला नाही. पोत्यात आम्हाला कोण सांगणार? उन्हाळा आला आणि मला घरी न्यायला कुणी आलं नाही, तेव्हा मला कळलं.

त्याच वर्षी सेक्रेटरींनी ठरवलं की शर्यत झाली की सगळी बदकं थिनरने पुसून काढायची आणि छापील स्टिकर चिकटवायचे. त्यांचंही चुकत नव्हतं. आदल्या वर्षी पहिलं आलेलं बदक एकाहत्तर की सत्त्याहत्तर यावरून दोन सभ्य गृहस्थ सायकलचं एकेक चाक धरून भांडले होते. साठेक बदकांचे आकडे तर वाचताच येत नव्हते. बैठकीत ताई होत्या. थिनरने आकड्याबरोबर माझा डावा डोळाही जाणार, हे फक्त त्यांच्याच लक्षात आलं.

आता कंडक्टरकाकांबद्दल सांगतो. अठ्ठावीस वर्षं बसमध्ये कंडक्टर, आता निवृत्त, पेंटरांचे जुने दोस्त. मंडळात त्यांच्याकडे एकच काम होतं, बदकं मोजण्याचं. हे काम लहान समजू नका. पूर्वी एकदा सहा बदकं वाहत जाऊन पाणीपुरवठ्याच्या पंपाच्या जाळीत अडकली होती. तेव्हापासून तिथल्या ऑफिसची अट होती, जितकी सोडाल तितकी परत काढा आणि तसं लिहून द्या, नाहीतर पुढच्या वर्षी परवानगी नाही. काका दोन-दोन बदकं उचलून पोत्यात टाकायचे आणि पन्नास झाली की जिभेने टक् असा आवाज काढायचे. कुणी मध्येच काही विचारलं तर उत्तर देऊनही त्यांचा आकडा हलत नसे. "चढलेला माणूस आणि पडलेलं बदक माझ्या नजरेतून सुटत नाही," असं ते म्हणत, आणि ही बढाई नव्हती. सहा टक् आणि तीनशे, हे मी दर वर्षी ऐकलेलं आहे.

त्या दिवशी सकाळी सहा टक् झाले. दुपारी शर्यत झाली. मी कितवा आलो ते विचारू नका. जाळ्यातून काढलेली बदकं टबातल्या साबणाच्या पाण्यात खंगाळून काकांकडे द्यायची, हे काम ताईंचं होतं. मी त्यांच्या हातात आलो. त्यांनी अंगठ्याने माझ्या डाव्या डोळ्यावरचा फेस पुसला. इकडेतिकडे पाहिलं. आणि मला ॲप्रनच्या खिशात टाकलं.

मागितलं असतं तर सेक्रेटरींनी मला हसत देऊन टाकलं असतं. पण ते हसणंच ताईंना नको होतं. नवऱ्याच्या आठवणीला प्लॅस्टिकचं बदक मागणारी बाई म्हणून गावभर चर्चा झाली असती. घेताना त्यांच्या मनात मोजणीचा विचारच आला नाही. माझ्याही आला नाही. मी तर हरखून गेलो होतो. सुटलो पोत्यातून, एवढंच मला कळत होतं.

पलीकडे पाच टक् झाले. सहावा झालाच नाही.

काकांनी सगळी पोती उलटी केली आणि पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. "दोनशे नव्व्याण्णव," ते म्हणाले. "एक नदीत आहे."

सगळं मंडळ पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून नदीत उतरलं. केक विकणाऱ्या बायका काठ्या घेऊन लव्हाळ्यात शिरल्या. ताईही शिरल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण विसरभोळ्या माणसाला म्हणतो. इथे कळसा कुठे आहे ते वळसा घालणारीला पक्कं ठाऊक होतं. त्या काठीने गवत बाजूला सारत होत्या आणि दुसऱ्या हाताने खिसा दाबून धरत होत्या.

आणि इथे माझा गुन्हा. एकदा त्या खूप वाकल्या तेव्हा मी निम्मा खिशाबाहेर आलो. खाली पाणी होतं. जरा अंग सैल सोडलं असतं तर मी पडलो असतो, "हे बघा सापडलं," असं कुणीतरी ओरडलं असतं आणि सगळं हसण्यावारी मिटलं असतं. पडणं आणि वाहणं, जन्मात दोनच कामं मला येतात. पण खिशाच्या शिवणीचा एक दोरा सुटलेला होता, त्यात माझी शेपटी अडकली होती, आणि मी ती अडकलेलीच राहू दिली. मला घरी जायचं होतं.

ऊन उतरल्यावर सगळे तंबूत परतले. मंडळाच्या अध्यक्षांनी कंडक्टरकाकांना खुर्ची दिली. "काका, सकाळी मोजताना एक जास्त धरलं गेलं असेल. होतं असं. वय कुणाला चुकलंय?"

"सकाळी तीनशे होती. माझ्या हातून गेली."

"अहो, पण मग मी ऑफिसला काय लिहू? एक नदीत राहिलं असं लिहिलं तर शर्यत बंद. मग गाडीचं कसं करायचं, तुम्हीच सांगा."

काकांनी पोत्यांची तोंडं बांधली. दर सोमवारी आणि गुरुवारी त्या गाडीत कोण कोण बसतं ते त्यांना नावानिशी माहीत होतं. मग त्यांनी पेन मागितलं. 'सकाळी मोजताना माझी चूक झाली, बदकं दोनशे नव्व्याण्णवच होती,' असं अध्यक्षांनी लिहिलेलं होतं, त्याखाली त्यांनी सही केली. ताई चार पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी खिसा आणखी घट्ट दाबून धरला.

मी घरी आलो. शिवणाच्या खोलीत, रिळांच्या डब्यामागे फळीवर माझी जागा झाली. समोर मशीन, खिडकीतून येणारं ऊन, कापडाचा वास. सुरुवातीचे काही दिवस फार सुखाचे गेले. ताई धागा ओवताना माझ्याकडे बघून काहीबाही बोलायच्या. मला वाटलं, काका सही करून विसरूनही गेले असतील.

मग एक दिवस काकांच्या पत्नी पडद्याचं कापड घेऊन आल्या. काकू ताईंपेक्षा वयाने मोठ्या, अगं-तुगं करणाऱ्या. "अगं, गंमत ऐक. यांना रस्त्यात पोरंटोरं दोन बोटं दाखवून विचारतात, काका, किती? हे हसतात, पण घरी येऊन जेवत नाहीत."

ताईंनी मशीन जोरात चालवायला घेतलं.

पुढच्या खेपेला काकूंच्या बोलण्यात गंमत नव्हती. "पहिल्यांदा म्हणायचे, मी गाडीसाठी खोटी सही केली. आता म्हणतात, सगळे सांगतायत तर चुकलोही असेन. तीन-तीनदा उठून गॅसचं बटण बघतात. तुला माहीत आहे ना, यांचे थोरले भाऊ शेवटी घरातल्या कुणालाच ओळखत नव्हते. तेच डोक्यात घेऊन बसलेत."

"नाही हो, भाऊजी ठणठणीत आहेत," शिवणताई म्हणाल्या.

"तुला काय माहीत?" काकू म्हणाल्या. आणि ताईंना तर माहीत होतं. आख्ख्या गावात त्यांना एकटीला आणि मला. आम्ही दोघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. काकूंनी पर्स उघडली तेव्हा ताई घाईघाईने म्हणाल्या, "पैसे राहू देत." पुढे त्या काकूंकडून कधीच पैसे घेईनाशा झाल्या. काकू गल्लीभर त्यांचं कौतुक करत होत्या.

आज नको, उद्या सांगू, असं करत हिवाळा गेला. आधी सांगितलं असतं तर एकच लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागली असती. आता त्यात प्रत्येक दिवसाची भर पडत होती. ताई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मग त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मला राग आला नाही. मलाही त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

शर्यतीला पंधरा दिवस उरले असताना काकू दोन पँटी घेऊन आल्या. "कमरेत आवळून दे गं. सगळ्या ढगळ झाल्यात." मग खुर्चीत बसून त्या रडायला लागल्या. "काल घराच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. म्हणाले, आता तूच सांभाळ, माझा भरवसा नाही. आरशात बघून स्वतःचं नाव म्हणून बघतात गं. मंगळवारी डोक्याच्या डॉक्टरकडे नेतेय."

काकू गेल्यावर ताईंनी मशीन बंद केलं. मला पिशवीत घातलं आणि भर दुपारी निघाल्या. काकांच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा फिरल्या. तिसऱ्या वेळी काकूंनीच खिडकीतून हाक मारली, तेव्हा आत जावंच लागलं.

काका खिडकीपाशी बसले होते. ताईंनी मला त्यांच्यापुढे टेबलावर ठेवलं. "भाऊजी, हरवलेलं बदक ते हे. मी घेतलं होतं. तुम्ही दोन्ही वेळा बरोबर मोजलंत."

काकांनी मला उचललं, उलटं केलं, आकडा पाहिला. नखाने रंग खरवडून पाहिला. आणि मग हसले. इतकं गोड हसले की मला प्लॅस्टिकचा असूनही घाम फुटल्यासारखं वाटलं.

"वहिनी, किती चांगल्या आहात तुम्ही. पण आपल्या बदकांचे आकडे पार गेलेले होते हो. हा रंग बघा, कसा टवटवीत. माझ्यासाठी रंगवून आणलंत ना? पेंटरची बायको शोभता."

"रंगवलं नाही हो. आमचे हे दर वर्षी गिरवायचे. हा डोळा बघा."

"तोही छान काढलाय," काका म्हणाले आणि त्यांनी ताईंच्या हातावर थोपटलं.

काकू मात्र हसल्या नाहीत. त्या ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि त्यांना सगळं कळलं होतं. "वर्षभर," त्या म्हणाल्या. "वर्षभर तुम्ही माझ्यासमोर बसून सगळं ऐकत होतात, त्यांच्या पँटीही आवळायला घेतल्यात." इतक्या वर्षांत त्या ताईंना पहिल्यांदाच तुम्ही म्हणाल्या. ताई खाली बघत राहिल्या. कुणी चहाही विचारला नाही.

शर्यतीच्या दिवशी ताईंनी तेच सगळ्यांसमोर सांगितलं. सरबताच्या टेबलाशी उभ्या राहून, मला हातात धरून. एकही गोष्ट त्यांनी गाळली नाही. खिशात होतं, सगळे शोधत होते, सही झाली तेव्हाही खिशातच होतं. मग कुणीतरी हसलं, आणि मग बरेच जण हसले, कारण एका बदकासाठी एवढं, असं त्यांना वाटलं. अध्यक्ष ओशाळले. त्यांनी तिथेच नवा कागद घेतला आणि जुनी सही रद्द केल्याचं लिहिलं.

कंडक्टरकाका उभे राहिले. "म्हणजे मी बरोबर होतो?"

"होय हो काका, अगदी बरोबर होतात," अध्यक्ष म्हणाले. म्हाताऱ्या माणसाने जेवावं म्हणून त्याच्या मनासारखं बोलतात ना, त्या सुरात. मनाने ते खरंच सांगत होते, पण वर्षभर काकांशी त्याच सुरात बोलायची सगळ्यांना सवय झाली होती. काकांना तो सूर पाठ होता. ते हळूच खाली बसले आणि त्यांनी मोजणीचं काम घ्यायला नकार दिला. त्या वर्षी बदकं सेक्रेटरींनी मोजली, यादी समोर ठेवून.

डॉक्टरांनी सांगितलं की डोकं शाबूत आहे, खणखणीत आहे. काकूंनी तो कागद भिंतीवर लावला. काकांना वाटतं, डॉक्टरलाही हिनेच सांगून ठेवलं असेल.

ताई अजून मशीन चालवतात. काकू आता कपडे दुसरीकडे देतात. दर महिन्याला एकदा ताई फाटकापर्यंत येतात आणि काका खिडकीतून हात हलवून म्हणतात, "या, वहिनी." काकांच्या मनात ताईंबद्दल राग नाही, कारण त्यांच्या हिशेबी ताईंनी काही केलेलंच नाही. ताईंना तेच सोसवत नाही. कुणी रागावलं असतं तर त्या माफी तरी मागू शकल्या असत्या.

शर्यतीनंतर ताईंनी मला काकांकडेच सोडलं, तेव्हापासून मी त्यांच्या खिडकीत असतो, औषधांच्या डबीशेजारी. पोत्यातून सुटायचं होतं ना मला, सुटलो. रोज सकाळी काका मला उचलतात, उलटं करून आकडा वाचतात आणि हळू आवाजात, काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारतात, "खरं सांग. तू त्या दिवशी खिशात होतास?"

तुमच्याशी मी एवढं सगळं बोललो. त्यांच्यापुढे माझी चोच उघडत नाही. ते उत्तरासाठी जरा वेळ थांबतात आणि मग मला पुन्हा जागेवर ठेवतात.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. तुमचं त्यांच्याशी काही नातं नाही, त्यांना खूश करण्यात तुमचा काही फायदा नाही. कधी या गल्लीने गेलात तर खिडकीपाशी थांबा आणि त्यांना सांगा की काका, सकाळी तीनशेच होती. पण त्या गोड सुरात सांगू नका. वेळ विचारल्यावर वेळ सांगतात तसं सांगा.